पॅनेल शेवटी, छत आधी

सौर ऊर्जेच्या दुकानात शिरलेला माणूस पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच विचारतो: कोणत्या कंपनीचं पॅनेल चांगलं? आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात तर हा प्रश्न बियाण्याच्या वाणासारखा चघळला जातो. अमक्याने हे बसवलं, तमक्याने ते. या प्रकरणाचं म्हणणं थोडं उलटं आहे. कंपनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: वीजबिल, छत आणि गावातली वीज. या तीन गोष्टी नीट पाहिल्या की पॅनेलची निवड अर्ध्या तासाचं काम उरतं. त्या पाहिल्या नाहीत, तर सगळ्यात महागडं पॅनेलसुद्धा छतावर नुसतं चमकत बसतं.

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव. आजूबाजूला हळद, सोयाबीन, कापूस, केळी. इथल्या उन्हाची कुणाला ओळख करून द्यायला नको. सौर पॅनेलच्या हिशेबात ते ऊन असं उतरतं: एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. म्हणजे महिन्याला 120, वर्षाला 1,400 च्या आसपास. पावसाळ्यात हा आकडा दोन-अडीच युनिटांवर येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचच्या जवळ जातो.

इथे फेब्रुवारी-मार्च म्हटलं, मे नाही. मे महिन्यात ऊन जास्त, म्हणून वीजही जास्त, असा आपला साधा तर्क. पण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेत, सिलिकॉनच्या सेलचं तापमान 25 अंश असताना मोजलेले असतात. त्यापुढे तापमान एक अंश वाढलं की क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्के घसरते. बाहेर 42-43 अंश असताना पॅनेलमधल्या सेलचं तापमान 65 च्या पुढे सहज जातं. म्हणजे 40 अंशांची वाढ आणि जवळपास 14 टक्के घट. 540 वॅटचं पॅनेल ऐन मेच्या दुपारी 460-465 वॅटच देतं. यात पॅनेलचा दोष नाही, सिलिकॉनचा तो स्वभाव आहे. त्यावर उपाय एकच: पॅनेलच्या खालून वारा खेळता राहिला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनेल आणि स्लॅबपासून सहा-सात फूट उंच सांगाड्यावर बसवलेलं पॅनेल, यांच्या मेमधल्या उत्पादनात फरक पडतो तो याचमुळे.

आता बिलाकडे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. एका महिन्याचा आकडा धरून संच ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये कूलर चालतो, डिसेंबरात पंखाही बंद असतो. बारा महिन्यांची बेरीज करा आणि तिला 1,440 ने भागा. समजा, घराचा वर्षाचा वापर 2,900 युनिट आहे, तर उत्तर आलं दोन. दोन किलोवॅट पुरे. शेजाऱ्याने तीनचा बसवला म्हणून आपणही तीनचा बसवायचा, हा हिशेब नव्हे.

जास्तीची वीज विकून पैसे मिळतील, हे गणित पुष्कळांच्या डोक्यात असतं. ते काढून टाकलेलं बरं. नेट मीटरच्या पद्धतीत दिवसा तुमची जादा वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री तुम्ही तिथून घेता. महिनाअखेर दोन्हींची वजाबाकी होते. शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात जमा धरतात. ही पुढे नेण्याची सोय 31 मार्चपर्यंत. आर्थिक वर्ष संपताना जे उरतं त्याचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज ज्या दराने घेता त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणून छताला वीज विकायचा धंदा समजू नये. घरचं पिकवावं आणि घरीच खावं. आणि बिल शून्य येईल, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला स्थिर आकार कोण भरणार, हे विचारा. युनिट शून्य झाले तरी तो आकार राहतोच.

दराच्या टप्प्यांमध्ये एक गंमत आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. घरगुती विजेचे पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 चा दर जवळपास दुप्पट, त्यापुढे आणखी चढा. सौर वीज तुमच्या बिलातून वजा होते ती वरच्या, म्हणजे महाग टप्प्यापासून. महिन्याला 250 युनिट वापरणाऱ्या घरात पहिला सव्वा किलोवॅट महाग युनिटं खातो आणि त्यापुढचा भाग स्वस्त युनिटं. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो, शेवटचा सगळ्यात कमी. हातात पैसा बेताचा असेल तर छोटा संच घेण्यात कमीपणा नाही, उलट व्यवहार आहे.

सरकारी अनुदानाची रचनाही याच अंगाने जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये मिळतात, तिसऱ्याला 18,000. म्हणजे तीन किलोवॅटला 78,000. त्यापुढे कितीही मोठा संच घ्या, अनुदान तेवढंच. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तिच्यावर ते मोजलं जातं. रक्कम विक्रेत्याला मिळत नाही. संच चालू होऊन तपासणी झाली की थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला 100 युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली, त्यात एक किलोवॅटसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर पडते. सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, ग्राहक क्रमांक टाकून करायचा. इथे गावाकडच्या घरांची गाडी एका ठिकाणी हमखास अडते. वीज मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, घराच्या उताऱ्यावर तिघा भावांची नावं आणि बँक खातं नातवाचं. अनुदान ग्राहकाच्या नावावर येतं, तेव्हा नाव बदलण्याचं काम आधी उरकून घ्यावं. मंजूर भारही पाहून घ्यावा. घराचा मंजूर भार एक किलोवॅट आणि संच तीनचा, असं असेल तर मंजूर भारही वाढवला जातो. आणखी एक घोळ: ही योजना घरासाठी आहे, शेतातल्या मोटरीसाठी नाही. मोटरीसाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ वेगळी. तिच्यात शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांचा 5 टक्के. तो पंप तारेला जोडलेला नसतो, त्यामुळे तिथे नेट मीटरचा विषयच येत नाही.

आता छत.

बाळापूर परिसरात छतं तीन तऱ्हेची आहेत: स्लॅब, पत्रा आणि जुन्या वाड्यांचं माळद. माळदाचा विचार सोडा. लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. त्यात सांगाड्याचे पाय रोवले की पहिल्याच पावसात घर गळेल. अशा घराने अंगणात किंवा परसात लोखंडी मांडव उभारावा आणि त्यावर पॅनेल बसवावं. खाली गाडी लागते, सावली होते.

स्लॅबवाल्यांना वाटतं, वजन पेलेल का? सध्याचं 540-550 वॅटचं पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि 28 किलोच्या आसपास असतं. तीन किलोवॅटला अशी सहा लागतात, म्हणजे पॅनेलचं वजन 170 किलो. त्यासाठी मोकळ्या जागेसकट तीनशे चौरस फूट धरा. लग्नाच्या दिवशी गच्चीवर जेवणाची पंगत बसते, तेव्हा स्लॅबवर याच्या कितीतरी पट वजन असतं. काळजी वजनाची नव्हे, वाऱ्याच्या उचलीची करायची. तिरकं पॅनेल म्हणजे शीडच. एप्रिल-मेमधलं अवकाळी वादळ आलं की वारा खालून शिरतो आणि सगळा सांगाडा वर खेचतो. सरकारी मानकांत सांगाडा ताशी 150 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला टिकेल असा आणि त्यावर किमान 80 मायक्रॉन जस्ताचा थर असावा, असं अपेक्षित आहे. नुसता चंदेरी रंग मारलेला अँगल आणि जस्तात बुडवून काढलेला अँगल लांबून सारखेच दिसतात. कापलेल्या टोकाकडे पाहिलं, भोकांच्या आत बोट घातलं की कळतं. रंगवलेल्या अँगलच्या भोकात गंजाची लाली आधी दिसते.

सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवतात. हे ठोकळे नुसते स्लॅबवर ठेवलेले असतात की स्लॅबला पक्के धरलेले, ते विचारा. या भागात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. 21 मार्च 2024 च्या पहाटे सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी हादरले. दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला 4.5 रिश्टरचा. केंद्र आखाडा बाळापूरच्या परिसरातच होतं. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी पुन्हा तेवढाच मोठा धक्का बसला, तोही कळमनुरी तालुक्यातच. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना आवाहन केलं होतं की, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेले दगड काढून टाका. छतावर सुटं ठेवलेलं कोणतंही वजन भूकंपात खाली येतं. काँक्रीटचे सुटे ठोकळेही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा पाय बोल्टने धरलेले हवेत, आणि जिथे स्लॅबला भोक पाडलं तिथे जलरोधक लेप हवा. पत्र्याच्या घरात सांगाडा पत्र्याला नव्हे, खालच्या लोखंडी कैचीला किंवा पर्लिनला धरलेला हवा.

उंच सांगाड्याला खर्च थोडा जास्त येतो. तरी आपल्याकडे तोच घ्यावा, असं माझं मत. गच्ची ही आपल्याकडे नुसतं छत नसते. उन्हाळ्यात तिथे कुरडया-पापडांचं वाळवण पडतं, रात्री अंथरुणं पडतात, डाळ-धान्याला ऊन दाखवायचं असतं. पायाशी बसवलेल्या पॅनेलांनी ती गच्ची कायमची अडते. मग सहा महिन्यांत त्या पॅनेलांवर गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात.

तो खेळ किती महाग पडतो, हे समजायला पॅनेलच्या आत डोकवावं लागेल. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका सेलवर सावली पडली की त्याचा प्रवाह मंदावतो आणि मागच्या-पुढच्या सगळ्यांना त्याच्याच चालीने चालावं लागतं. म्हणून पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतल्या भागाला वळसा घालून बाकीच्यांना मोकळं करतात. पण तो वळसा घातला की पॅनेलचा तिसरा हिस्सा गेलाच. हाफ-कट सेलच्या नव्या पॅनेलमध्ये हे नुकसान कमी होतं, संपत नाही. डिश अँटेनाच्या काठीची बोटभर सावली, कठड्याची कड, काळ्या पाण्याच्या टाकीचा कोपरा, शेजारच्या लिंबाची फांदी: एवढ्याशा गोष्टी रोजचे दोन-दोन तास खातात.

सावली पाहायची ती डिसेंबरात. आखाडा बाळापूर साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा गच्चीची पाहणी केली तर सगळी जागा मोकळी वाटते. 22 डिसेंबरला मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. चार फुटी कठड्याची सावली दुपारी बारालाच पावणेचार फूट पडते, आणि सकाळी नऊला, दुपारी तीनला ती याहून बरीच लांब. डिसेंबरपर्यंत थांबणं शक्य नसेल तर विक्रेत्याकडून हिवाळ्याचा सावलीचा आराखडा मागा. मोबाइलवरही सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स मिळतात. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि तिरकेपणा दहा ते वीस अंश, एवढं पुरे. अगदी नेमका अंश गाठण्यासाठी भांडण्यात अर्थ नाही, त्याने फारसा फरक पडत नाही. सावलीने पडतो.

गावातली वीज, हा तिसरा विषय. नेट मीटरचा संच बसवलेल्या घरात भर उन्हात लाइट जाते आणि पंखा बंद पडतो, तेव्हा घरातली म्हातारी माणसं विचारतात, मग हे वर कशाला बसवलंय? कारण साधं आहे. बाहेरची वीज गेली की तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तो तसा बनवलेलाच असतो. खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून काम करतो. त्या वेळी तुमच्या छतावरून वीज तारेत आली तर त्याच्या जिवावर बेतेल. भारनियमनाची सवय असलेल्या गावात हे आधी सांगायला हवं. बहुतेकांना ते नंतर कळतं.

यावर हायब्रिड संच आणि लिथियम बॅटरी असा उपाय सुचवला जातो. अनुदान पॅनेल-इन्व्हर्टरच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च तुमचाच. दिवसातून एक-दोन तास लाइट जात असेल तर हा खर्च मला पटत नाही. घरात आधीचा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असेलच, ती ठेवा. दिवसा ती सौर विजेवर चार्ज होते आणि लाइट गेली की पंखे-दिवे चालवते. रात्र-रात्र लाइट नसणाऱ्या वस्तीतल्या घराचं गणित वेगळं. तिथे हायब्रिडचा विचार जरूर करावा.

व्होल्टेजचा प्रश्नही आहे. फीडरच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी किंवा जास्त झालं की इन्व्हर्टर तारेपासून स्वतःहून सुटा होतो आणि काही मिनिटांनी पुन्हा जोडला जातो. दिवसातून असं अनेकदा झालं तर तेवढी वीज बुडते, आणि मालकाला वाटतं पॅनेल निकामी आहेत. दोन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ घरातलं व्होल्टेज मोजून ठेवलं तर संच घेण्याआधीच हे उमगेल, आणि महावितरणकडे तक्रार करायला हातात आकडे राहतील.

जोडणीत जिवाशी गाठ आहे ती डीसी बाजूला. सहा पॅनेल एका माळेत जोडले की सुमारे 300 व्होल्ट डीसी तयार होतो, आणि पॅनेलवर ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. खालचा स्विच पाडला तरी वरच्या वायरीत दाब असतोच. गावातला हुशार इलेक्ट्रिशियन घरची वायरिंग उत्तम करत असेल, तरी सौर संचाची वायर त्याने पक्कडीने तोडू नये. पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर सैल राहिले की ठिणगी पडते, आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. आर्थिंग तीन हवेत: एसीचं, डीसीचं आणि तडितरोधकाचं, तिन्ही स्वतंत्र. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओली, मेमध्ये भेगाळलेली. जुलैमध्ये मोजलेलं आर्थिंग उत्तम दिसणारच. ते मेमध्ये मोजावं आणि पाच ओहमच्या आत आहे का, पाहावं.

एवढं झालं की मग पॅनेल. अनुदान हवं तर भारतीय सेलपासून भारतात बनलेलं, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतं. ते थोडं महाग असतं, म्हणून स्वस्त भावात दुसरंच पॅनेल गळ्यात मारण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पॅनेल छतावर चढवण्याआधी उलटं करा, मागचं लेबल वाचा आणि प्रत्येकाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. तंत्रज्ञानात आज दोनच नावं कानावर पडतात, मोनो पर्क आणि टॉपकॉन. टॉपकॉन उष्णतेत थोडं कमी घसरतं. वर जिथे 14 टक्के घट म्हटली तिथे ते 12 टक्क्यांच्या आसपास राहतं. दोन टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजायचे की नाहीत, ते भाव पाहून ठरवा. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबने पहिला वापरण्याजोगा सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्के होती. आज बाजारातलं साधं पॅनेलही वीस टक्क्यांच्या पुढे आहे. नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांत आता फारसं डावं-उजवं उरलेलं नाही. 25 वर्षांची हमी वाचताना ती कशाची, ते पाहा: पॅनेल 25 वर्षांनी साधारण 80 टक्के वीज देईल, याची. इन्व्हर्टरची हमी त्याहून पुष्कळ कमी, पाच ते दहा वर्षांची. एकदा तो बदलावा लागेल, हे आधीच धरून चाला.

निगा सोपी आहे, पण ती हवी. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावभर भुसा उडतो. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. या दिवसांत आठवड्याला एकदा पॅनेल पुसावं. पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून मऊ फडक्याने लगेच कोरडं करावं. मार्च 2014 च्या गारपिटीने मराठवाड्यात काय केलं ते अजून लोक विसरलेले नाहीत. पॅनेलची काच 25 मिलिमीटरच्या गारेसाठी तपासलेली असते, लिंबाएवढ्या गारेसाठी नाही. विमा उतरवता येतो, तो उतरवावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावर. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या, कारण योजनेत ती विक्रेत्याची जबाबदारी आहे. आणि जो विक्रेता तुमचं बिल न पाहता, गच्चीवर न चढता फोनवरच किलोवॅट आणि भाव सांगतो, त्याच्याकडून संच घेऊ नका, मग पॅनेल कोणत्याही कंपनीचं असो.